लिफ्ट बंद, जिन्याने या

सासूबाई कानयंत्र घ्यायला तयार झाल्या त्या दिवशी घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सुनेने मात्र धसका घेतला.

एरवी या विषयावर घरात बोलायची सोय नव्हती. कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की तेवढं सासूबाईंना बरोब्बर ऐकू जायचं. "मला सगळं ऐकू येतं. तुम्ही लोकच पुटपुटता," असं म्हणून त्या विषय मिटवायच्या. नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेल्या बाईला कुणी ऐकायला शिकवावं, हे त्यांना खपायचं नाही. मुलाने समजावलं, डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवला, शेजारणीने तर स्वतःचं यंत्र कानातून काढून यांच्या तळहातावर ठेवलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग एके दिवशी 'लिफ्ट बंद'ने जाहीर केलं की त्यांचा नवा अल्बम येतोय, आणि त्याच संध्याकाळी सासूबाई सुनेला म्हणाल्या, "डॉक्टरांची वेळ घे. ही गाणी मला पहिल्यांदाच नीट ऐकायची आहेत."

'लिफ्ट बंद' हा चार जणांचा बँड. पाठीशी कुठली मोठी कंपनी नाही, पोस्टर नाहीत, चौघांपैकी एकाच्या वडिलांच्या टायरच्या गोदामात बसून गाणी करायची. पहिला अल्बम आला, मोजक्याच लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि त्यानंतर चौघांची जी दातखीळ बसली ती बसलीच. कुणी म्हणे ड्रमवाला रुसला, कुणी म्हणे गायकाचा घसा गेला, कुणी म्हणे सगळे नोकऱ्यांना लागले. चाहते मात्र जागचे हलले नाहीत. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराने फोनवर त्यांचा एक ग्रुप काढला होता, त्याचं नाव 'लिफ्ट बंद, जिन्याने या'. सासूबाई या ग्रुपवर 'ऑपरेटर' या नावाने होत्या. त्यामुळे अर्ध्या लोकांची समजूत होती की हा कुणीतरी स्टुडिओत आवाजाची बटणं फिरवणारा तरुण आहे. एकाने एकदा "ऑपरेटर भाई, कसे आहात?" असं विचारलं, तेव्हा सासूबाईंनी शांतपणे "भाई बरा आहे, गुडघे दुखतात" असं लिहून पाठवलं होतं.

घरात या वेडात दोघीच होत्या, सासू आणि सून. मुलगा गॅरेजमध्ये इंजिनं उघडायचा. इंजिनाचा खोकला रस्त्याच्या पलीकडून ओळखणाऱ्या या माणसाला गाण्यातलं 'चालू' आणि 'बंद' एवढंच कळायचं, आणि त्यातलं 'बंद' त्याला जास्त आवडायचं.

सुनेच्या धसक्याची गोष्ट मात्र जुनी आहे.

ती तसबिरींच्या दुकानात कारागीर. लाकडी पट्ट्या तिरक्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच कापून बसवायची, हे तिचं काम. सासरे गेले तेव्हा त्यांच्या फोटोची चौकट तिनेच करायला घेतली. फोटो कुठल्याशा सहलीतला, तोंड भरून हसतानाचा. सासरे हसायचेच तसे, अगदी घर दणाणून सोडायचे. ते गेल्यावर सासूबाईंनी बोलणंच टाकलं होतं. वाढलं तर जेवायच्या, नाहीतर दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून राहायच्या. घरी एकटीला कसं सोडायचं, म्हणून सून त्या दिवशी त्यांना दुकानात घेऊन आली आणि स्टुलावर बसवलं.

सून काच कापत होती. रेडिओ चालू होता, आणि त्यावर 'लिफ्ट बंद'चं एक गाणं लागलं. एक गिटार आणि एक दमलेला आवाज:

"खुर्च्या तेवढ्याच, भिंती तेवढ्याच,
घर मोठं वाटतं तू नसताना."

सुनेचा हात तिथेच थबकला. आत्ता, या बाईसमोर, हेच गाणं लागायचं होतं! रेडिओ बंद करायला ती वळते तोच सासूबाईंनी मान वर केली. ऑपरेटरची एक सवय त्यांना जन्माची जडली होती. समोरच्याने नंबर सांगितला की तो परत म्हणून दाखवायचा, खात्री करायची, मगच जोडायचा. त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "घर मोठं वाटतं, तू हसताना. बरोबर?"

काच कापताना कडेची करकर होते, त्यात त्यांना 'न'च्या जागी 'ह' ऐकू आला होता. किती तरी दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं अख्खं वाक्य. सुनेने काच खाली ठेवली आणि म्हणाली, "बरोबर."

"खरं बोलतोय मुलगा," सासूबाई म्हणाल्या. "हे हसले की घर मोठं वाटायचं. परत लागेल का गं ते?"

तिथून सगळं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून वेणी घातली. गाणं म्हणणाऱ्यांचं नाव काय, आणखी काय म्हणतात, कुठे राहतात, सगळं विचारून घेतलं. तोवर या सासू-सुनेचं बोलणं दूध आलं का आणि पडदे धुवायचे का यापलीकडे जात नव्हतं. भांडणं नव्हती, पण जवळीकही बेताचीच. आता भाजी निवडता निवडता तिसऱ्या गाण्यातली गिटार जास्त झाली का यावर दोघी वाद घालायला लागल्या. ते एक गाणं तर रोजचं. सासूबाई मोठ्याने "तू हसताना" म्हणायच्या, आणि मागे गाण्यातला तो दमलेला मुलगा "तू नसताना" म्हणायचा तेव्हा सूनही आवाज चढवून "हसताना"च म्हणायची, त्याचा शब्द बुडावा म्हणून. पुढे सासूबाईंचे कान आणखी उतरले आणि तिचं काम सोपं झालं.

आता कानयंत्र आलं की पहिल्याच दिवशी सगळं उघडं पडणार. ज्या शब्दाचा हात धरून बाई उठून उभी राहिली तोच खोटा निघाला तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, सुनेने आपल्याला येडं बनवलं असं त्यांना वाटलं तर? नवरा म्हणाला, "सांगून टाक ना." तो इंजिनवाला माणूस, त्याच्या हिशेबी बिघाड दिसला की उघडायचा. तिला ते जमेना.

यंत्र शुक्रवारी बसलं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत सासूबाईंनी जगातल्या निम्म्या वस्तूंची झाडाझडती घेतली होती. "फ्रिज एवढा बोलतो? माझ्या चपला अशा वाजतात? आणि हा कागदाची पिशवी कोण चुरगळतोय, बंद करा ते!" मुलाला म्हणाल्या, "तू जेवताना आवाज करतोस. लहानपणीही करायचास." मुलगा आनंदाने म्हणाला, "आई, यंत्र परत करूया का?" सून हसली नाही.

अल्बम शनिवारी सकाळी यायचा होता. तिने दुकानाच्या मालकाकडून उशिरा येण्याची परवानगी काढली होती. औषधवाला ग्रुपवर सकाळपासून धिंगाणा घालत होता. "जिन्याने निघालो आहे", "पहिल्या मजल्यावर धाप लागली", असले निरोप येत होते. सासूबाई नीट आवरून, चष्मा पुसून खुर्चीत बसल्या. ही खुर्ची आता दाराकडे तोंड करून नव्हती, स्पीकरकडे होती.

"आलं बघा, आई," सून घाईघाईने म्हणाली. "लावते नवीन."

"थांब. आधी लाइन तपासू दे."

"म्हणजे?"

"लाइन तपासल्याशिवाय कॉल जोडायचा नसतो. आधी आपलं गाणं लाव. ते मला पाठ आहे, म्हणजे यंत्र नीट चालतंय का ते कळेल."

सुनेने बरेच हातपाय मारले. बॅटरी उतरेल म्हणाली, दुसऱ्या गाण्यावर तपासू म्हणाली, दुकानाची वेळ झाली म्हणाली. सासूबाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. एक्स्चेंजमध्ये खोटी कारणं सांगणारी गिऱ्हाइकं त्यांनी थोडी पाहिली नव्हती. सुनेने गाणं लावलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत उभी राहिली.

"खुर्च्या तेवढ्याच, भिंती तेवढ्याच..."

सासूबाईंचे ओठ सवयीने हलत होते. शेवटच्या शब्दाशी ते थांबले.

"परत लाव."

तिने परत लावलं. या वेळी सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून, अगदी कामावरच्या आवाजात, त्यांनी म्हणून दाखवलं, "घर मोठं वाटतं, तू नसताना. बरोबर?"

सुनेने फोटोवरून नजर काढली. "बरोबर," ती म्हणाली. "आई, त्या दिवशी मी..."

सासूबाईंनी हात वर केला. लाइनवर थांबा, असं सांगायला करावा तसा. फ्रिज तेवढा बोलत होता.

"एकदा माझ्या हातून चुकीचा नंबर जोडला गेला होता," त्या म्हणाल्या. "एका गृहस्थाला त्याचं ऑफिस हवं होतं, मी जोडून दिलं कुणाच्या तरी घरी. चूक लक्षात आली आणि लाइन तोडायला हात घातला. ऐकते तर काय, दोघं जुन्या ओळखीचे निघाले. बोलतायत, हसतायत. मी प्लग तसाच राहू दिला."

"साहेब ओरडले असतील."

"त्यांना सांगितलं कुणी!" सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "तूही तेच केलंस. अगं, घर मोठं झालंय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज त्यातच तर बसत होते मी. तू तेव्हा खरा शब्द सांगितला असतास ना, तर मी त्या स्टुलावरून उठले नसते." त्यांनी सुनेचा हात ओढून आपल्या हातात घेतला. काचेच्या कामाने खरखरीत झालेली बोटं त्या अंगठ्याने चोळत राहिल्या. "आणि एवढी वर्षं माझ्याबरोबर चुकीचं म्हणत राहिलीस. तेही बेसूर. उपकार आहेत बाई तुझे."

सुनेचे डोळे भरून आले. "उपकार कसले, आई. मलाही कुणीतरी भेटलं की या घरात बोलायला."

"ते झालंच. आता रडत बसू नकोस, पोरं जिन्यात ताटकळली असतील. नवीन लाव."

तिने नाक पुसलं आणि नवा अल्बम लावला. आधी काहीच नाही, मग गिटार, मग ड्रमवाल्याने रुसवा सोडल्यासारखा जो दणका दिला त्याने खिडकीची तावदानं हलली, आणि त्या गदारोळात तोच ओळखीचा दमलेला आवाज. सासूबाई पुढे झुकल्या.

"काय म्हणाला?"

सुनेने कान टवकारले. "मलाही नाही कळलं."

"परत लाव."

परत लावलं. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घालून ऐकलं आणि खात्रीने म्हणाल्या, "दार उघडं ठेवून कांदे निघाले. बरोबर?"

सुनेला आधी खोकला आला, मग हसू फुटलं, आणि फुटलं ते थांबेचना. आठवड्याचं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. ती भिंतीला टेकून, पोट धरून हसत होती. नवरा आतून तोंडाला साबण लावलेला तसाच धावत आला. "काय झालं? काय फुटलं?"

"काही फुटलं नाही. ही हसतेय," सासूबाई म्हणाल्या. त्या गाणं विसरून सुनेकडेच बघत होत्या, मान जरा तिरकी करून, यंत्राचा कान तिच्या बाजूला धरून. "तू अशी हसतेस होय? एवढं मोठ्याने? मला कुणी बोललं नाही कधी."

"आवाज जास्त होतोय का, आई?" मुलाने विचारलं. "यंत्र कमी करू?"

सासूबाईंनी त्याचा हात बाजूला सारला. कानामागचं बारीक बटण बोटाने चाचपून त्यांनी स्वतःच शोधलं आणि आवाज आणखी वाढवला.