गाडीला ओरखडा न्हाई

मी स्टिअरिंग बोलतोय. खऱ्या गाडीचं नव्हे, कॉम्प्युटरवरच्या रेसच्या खेळाचं. अंग प्लॅस्टिकचं, पकडीवर रबर आणि मागून निघालेली एक लांब वायर. टेबलाच्या कडेला मला स्क्रूने आवळलं की मी कामाला तयार. आजच्या मोबाइलमधल्या खेळांपुढे आमच्या गाड्या पत्र्याच्या डब्यासारख्या दिसायच्या आणि रस्त्याकडेची झाडं पुठ्ठ्याची वाटायची. पण त्या काळी उंब्रजमध्ये असलं स्टिअरिंग दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. याचा मला अजूनही थोडा तोरा आहे, खोटं कशाला सांगू?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जाग आली ती पुण्यातल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. तिथून मला उदयसिंह हवालदारांनी आणलं. ते लष्करात ट्रक चालवायचे. सुट्टीवर येताना त्यांनी मला लेकीसाठी, प्रियदर्शनीसाठी घेतलं. ती तेव्हा सहावीत होती. वर्षभर गाडीच हाकता, घरी आल्यावर तरी हात मोकळे ठेवा, असं त्यांची बायको अंबूबाई म्हणाल्या. पण ऐकतंय कोण?

प्रियदर्शनी मला असं गरागरा फिरवायची की टेबलसुद्धा हलायचं. हवालदारांची तऱ्हाच निराळी. रेसमध्येही ते ताफ्यातल्यासारखं पुढच्या गाडीशी अंतर राखून चालायचे. कुणाला मागे टाकणं नाही, वळणावर घाई नाही. खेळात हॉर्न नव्हता, म्हणून घाटात ते तोंडानेच पों पों करायचे. बाकीच्या गाड्या केव्हाच पोचलेल्या असायच्या, आणि हे शेवटी येऊन समाधानाने माझ्यावरचे हात काढायचे.

"गाडीला ओरखडा न्हाई. अजून काय पायजे?"

लेक कपाळाला हात लावायची. मला मात्र ते हात फार आवडायचे. धरलेलं कळायचं, पण आवळलेलं वाटायचं नाही.

पुढे प्रियदर्शनी शिकायला सांगलीला गेली, तिथेच बँकेत नोकरीला लागली. मी पोत्यात बसून माळ्यावर गेलो. उंदरांनी माझ्या वायरीची चव घेतली. हवालदार निवृत्त होऊन आले आणि त्यांनी जुनी जीप घेतली, हे मला वरूनच कळलं. गल्लीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असो की वऱ्हाड पोचवायचं असो, लोक यांच्याच दारात यायचे.

मग गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले, पण डाव्या बाजूचं दिसेनासं झालं. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. हवालदारांना ते पटेना. आपल्याला काय दिसत नाही, हे ज्याचं त्याला कसं कळावं? डॉक्टर कधी माझ्या गाडीत बसलाय का, असं ते विचारायचे. अंबूबाईंनी जीपची चावी ज्वारीच्या डब्यात लपवली. रोज चावीवरून कुरबुर आणि मग दिवसभर अबोला. गाडीच्या बाबतीत त्यांना नाही म्हणायची त्या घरात कुणाला सवयच नव्हती.

दिवाळीला प्रियदर्शनी आली. तिने मला माळ्यावरून काढलं, पुसलं, वायरीला टेप गुंडाळली. जुना कॉम्प्युटर कुरकुरत का होईना, चालू झाला. स्पीकर मात्र कायमचे गेले होते. ती म्हणाली, "आबा, तुमच्या पद्धतीनं एकदा घाट पार करा. ओरखडा नसला तर चावी मी देते."

ते हसले. कितीतरी वर्षांनी ते हात माझ्यावर आले. माझं रबर चिकट झालं होतं, पण त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. गाडी सावकाश निघाली आणि डावीकडे सरकू लागली. कठड्याला घासली, दगडाला घासली, पुन्हा कठड्याला, तेही आवाजाविना. शेवटी त्यांनी हात काढले.

"ओरखडा न्हाई. आण चावी."

प्रियदर्शनीने वाद घातला नाही. झालेली रेस मागून-वरून पुन्हा बघायची सोय आमच्या खेळात होती. तिने त्यांची खुर्ची अशी फिरवली, की सगळा पडदा त्यांच्या उजवीकडे आला. मग तीच रेस लावली. आता गाडीचं प्रत्येक घासणं हवालदारांना दिसलं.

"ह्या स्टिअरिंगलाच डावीकडं वढ हाय," ते हळूच म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खरंच बिघडलेलो असतो तर किती बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. प्रियदर्शनीने त्याच घाटात गाडी चालवून दाखवली. गाडी सरळ गेली. मी तरी काय करणार?

हवालदारांनी चावी मागितली. अंबूबाईंनी ती ज्वारीतून काढून दिली. थोडा वेळ त्यांनी ती मुठीत धरली आणि मग लेकीच्या हातात ठेवली.

"डाव्या अंगानं एखादं लेकरू चाललं असतं, तर मला दिसलं नसतं गं."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला डोळे नाहीत, नाहीतर मीही रडलो असतो.

जीप आता प्रियदर्शनीकडे सांगलीला आहे. मी अजून टेबलावरच आहे. संध्याकाळी हवालदार खेळ लावतात आणि अंबूबाई लसूण सोलत त्यांच्या डावीकडे बसतात. "आवं, कठडा आला," असं त्या सांगतात. गाडी चालवताना कुणी मध्ये बोललेलं ज्यांना कधी खपलं नाही, ते आता मुकाट्याने मला उजवीकडे वळवतात. तरीही गाडी घासतेच.

तेव्हा घर आवरताना मला पुन्हा माळ्यावर टाकू नका, एवढीच विनंती. या माणसाला अजून गाडी चालवायची आहे, आणि माझ्यावर चालवली तर कुणाला लागत नाही.