विमानात घेतलेलं धोंड्याचं वाण

विश्वेशराव विमानात चढले ते अशा थाटात, की विमान यांनीच बनवून दिलंय. अंगात सोफ्याच्या कव्हरासारखा फुलाफुलांचा शर्ट आणि रात्री अकरा वाजता डोळ्यांवर काळा गॉगल. मागे त्यांची बायको तेजस्विनी. तिच्या मागे तिची आई, हरसूलच्या कुसाबाई, पोटाशी स्टीलचे दोन डबे धरून.

हे विश्वेशराव सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला. दिवसभर नटबोल्ट काढून द्यायचे, पण ऐट अशी की मालकानं यांना विचारून चहा प्यावा.

धोंड्याचा महिना, म्हणजे तीन वर्षांनी येणारा अधिकमास, लागला तसा कुसाबाईंनी निरोप धाडला होता. जावईबापू, घरी या, तेहतीस अनारशांचं वाण घ्या. तर हे म्हणाले, "त्या खेड्यात रेंज येत नाही. द्यायचंच असेल तर बाली दाखवा."

कुसाबाईंनी टोमॅटोच्या पैशातून बाली काढली. सगळ्यांत हलकी तिकिटं घेतली आणि एक स्वतःचंही घेतलं. वाण सासूच्या हातून द्यावं लागतं ना!

तिकडे तेजस्विनीची सासू गोदावरीबाई महिनाभर येताजाता टोचत होती, "आमच्या विश्वेशच्या नशिबी कुठलं वाण!" आता महिन्याची शेवटची रात्र. उद्या सूर्य उगवला की महिना संपला, आणि पोरीनं पुढची तीन वर्षं हेच ऐकायचं. कुसाबाईंचा जीव तिथं अडकला होता. विमानतळावर त्यांनी विषय काढला, तर जावई म्हणाले, "हॉटेलवर घेऊ ना पहाटे."

खुर्च्या बघून कुसाबाई म्हणाल्या, "आमच्या बाजारात टेम्पोवाला बोकडांना यापरीस जास्त जागा देतो." जावयांचे गुडघे हनुवटीला लागले होते. त्यात विमानात फुकट जेवण मिळतं या हिशोबानं ते घरून उपाशी निघाले होते. सँडविचचा भाव ऐकला आणि गडी एकदम खिडकीबाहेरचा अंधार न्याहाळायला लागला.

पलीकडच्या खुर्चीवर विमानतळावरच ओळख झालेला देवळाली कॅम्पचा लखन होता. तो म्हणाला, "आजी, जरा झोपा. तिकडं आपल्याआधी उजाडतं. विमान सूर्याच्या अंगावरच चाललंय."

"म्हंजी उतरायच्या आत उगवंल?"

"वरच उगवेल की!"

कुसाबाईंनी जावयांचा दंड धरून हलवला. "जावईबापू, उठा. आत्ताच वाण घ्या."

"आई, इथं? किती गावंढळ दिसेल! ठेवा तो डबा."

कुसाबाईंनी गपचूप डबा खाली ठेवला आणि दुसरा उघडला. त्यात मोडके-तुटके अनारसे होते.

"लखन, सासूनं वाण दिलं का रं तुला?"

"सासू नाही, आजी. गेली."

"मग आज मी तुझी सासू. धर."

तुपाचा आणि खसखशीचा वास असा सुटला की पायलटनं म्हणे विमान हळू केलं. पुढच्या मागच्या रांगांतून हात आले. हां हां म्हणता कुसाबाईंना अकरा जावई झाले, त्यातला एक तर गोरा, जन्माचा बिनलग्नाचा.

विश्वेशरावांचा गॉगल खाली घसरला. "आई, संपले का?"

"संपत आले. तुमचं काय, हाटेलात हायेच की."

खिडकीच्या कडेला तांबूस रेघ उमटली. जावयांच्या पोटातून ट्रॅक्टर सुरू केल्यासारखा आवाज आला. "द्या इकडं."

"अस्सं नाय. वाण हाय ते. डोक्यावर काहीतरी घ्या, हात जोडा."

रुमाल डोक्यावर आला. कुसाबाईंनी कपाळभर कुंकू थापलं आणि चांदीचं निरांजन काढलं. हवाई सुंदरी धावली, "नो फायर, नो फायर!"

"वात नाय त्यात, बाई. तेजे, तुझ्या मोबाईलचा दिवा लाव."

मोबाईलच्या उजेडात जावयांना ओवाळलं, खाली ठेवलेला तेहतीस अनारशांचा डबा अखंड त्यांच्या ओंजळीत दिला. विश्वेशराव दोन्ही हातांनी तुटून पडले, मिशीला खसखस लागली, आणि पुढून-मागून अकरा जावयांनी टाळ्या वाजवल्या. लखननं सगळं शूटिंग केलं. शेवटी खिडकीतून पहिली तिरीप त्यांच्या कुंकवावर पडली.

उतरल्या उतरल्या तेजस्विनीनं लखनकडून ते शूटिंग घेऊन सासूला पाठवलं. पासपोर्टच्या खिडकीवरचा साहेब जावयांच्या कपाळाकडे टक लावून बघत होता, तेवढ्यात उत्तर आलं.

तेजस्विनीनं वाचून दाखवलं, "आई, त्या विचारतायत, टाळ्या वाजवणारे कोण?"

"सांग," कुसाबाई रिकामे डबे सांभाळत म्हणाल्या, "विश्वेशरावांचे साडू हायेत म्हणावं. अकरा. आणि पुढच्या धोंड्याला सगळ्यांना हरसूलला बोलवलंय, या खिडकीवाल्या सायबालाही. रेंज नसली तरी यायचं."