कपाटामागची भिंत

मी एक जुने लाकडी कपाट आहे, मित्रांनो. दोन दारे, तीन फळ्या आणि खाली एक खण, एवढाच माझा पसारा. समोरून पाहाल तर मी अजून धडधाकट वाटेन, पण समोरून पाहून काही कळत नाही. माझी सगळी कथा माझ्या पाठीची आहे.

मला घडवणारा सुतार हाताचा चांगला, पण घाईतला होता. दारांना त्याने जाड लाकूड वापरले, घासून गुळगुळीत केले, पॉलिश दिले. पाठीला मात्र पातळ प्लाय ठोकला. "पाठ कोण बघतंय? ती भिंतीलाच लागणार," असे तो म्हणाला. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही.

मला विकत घेतले शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. त्यांचे यजमान शाळेची बस चालवत. पहिली वर्षे आम्ही कोरड्या, उन्हाच्या घरात होतो. बाई मला दर आठवड्याला फडक्याने पुसत. शेजारीण आली की म्हणे, "कपाट असावं तर असं!" आणि लाकडाचे असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. तिथेच त्यांना मुलगी झाली. सगळे तिला चिमणी म्हणत. तिची झबली माझ्या खालच्या फळीवर असत.

मग ती इमारत पाडायची ठरली आणि आम्ही तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आलो. भिंतींना नव्या रंगाचा वास येत होता आणि बाईंना तो फार आवडला. दोन महिन्यांत रंगाचे पितळ उघडे पडले. आतल्या खोलीच्या भिंतीवर आधी ओल आली, मग पोपडे सुटले, मग काळी बुरशी धरली. वरच्या न्हाणीघराचा पाइप भिंतीत कुठेतरी फुटला होता.

घरमालक पलीकडच्या गल्लीत राहत. माणूस बोलायला गोड. काही सांगितले की म्हणत, "बघू." एकदा मात्र खरेच आले. भिंतीसमोर क्षणभर उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"अहो ताई, हे कपाट सरकवा की इकडे. दिसणारच नाही!"

तेव्हापासून तीन वर्षे मी त्या ओल्या भिंतीला टेकून उभे होते. माझा प्लाय फुगला, त्याचे पदर सुटले. खण फुगून अडकू लागला. आतल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला. एका गिऱ्हाइकाने बाईंनी शिवून दिलेला फ्रॉक नाकाशी नेला, पिशवीत टाकला आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. त्याहून वाईट म्हणजे चिमणीला खोकला लागला, मग दमा. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात ओल आहे का?" तिचा श्वासाचा पंप माझ्या खणात राहू लागला.

बाईंनी अर्ज लिहिले, फोटो पाठवले. उत्तर आले, "तुम्ही घरात कपडे वाळत घालता, म्हणून होतं ते." एकदा रंगारी आला आणि पांढरा हात मारून गेला. पंधरा दिवसांत डाग पुन्हा वर आला. बोलून बोलून बाईंच्या तोंडाला फेस आला होता. शेवटी त्यांनी पालिकेत तक्रार केली आणि तपासणीला एक अधिकारी बाई येणार असे ठरले.

आणि इथेच बाईंचे चुकले. त्या दिवशी त्या पहाटे उठल्या, घर लख्ख केले, भिंतीवरची दिसेल तेवढी बुरशी पुसली आणि मला खांदा लावून पुन्हा डागावर नीट बसवले.

यजमानांनी कपाळावर हात मारला. "अगं, तेच दाखवायला बोलावलंय ना त्यांना!"

"परकं माणूस घरात येणार. बाई गबाळी आहे म्हणायला नको कुणी," बाई म्हणाल्या.

अधिकारी बाई आल्या. मागोमाग घरमालकही हजर. "बघा मॅडम, घर कसं आरशासारखं आहे! उगाच तक्रारी करायच्या." अधिकारी बाईंनी चहूकडे पाहिले आणि कागदावर लिहायला पेन उघडले. बाई पदराचे टोक पिळत उभ्या होत्या. तीन वर्षांची लपवायची सवय तोंड उघडू देईना. मला ओरडावेसे वाटत होते, पण मला कुठले तोंड?

तेवढ्यात चिमणीला ढास लागली. खोकता खोकता ती खालीच बसली, ओठ पांढरे पडले. बाई धावत माझ्याकडे आल्या. खण अडकलेला. त्यांनी ओढला, हलेना. अधिकारी बाईंनीही हात लावला. दोघींनी मिळून हिसका दिला, तसा खण बाहेर आला आणि माझी कुजलेली पाठ लगद्यासारखी आत कोसळली. चिमणीने पंप ओढला, तिला श्वास आला. मग खणाच्या मोकळ्या जागेतून दोघींनी माझ्या आरपार पाहिले. मागे भिंत काळीकुट्ट होती.

"राहू द्या, जड आहे ते," घरमालक पुढे झाले.

बाईंनी एकटीने मला बाजूला सारले. मग त्या घरमालकांकडे वळल्या. "मीच लपवलं होतं. तीन वर्षं मला माझ्या घराची लाज वाटली. ती तुम्हाला वाटायला हवी होती, साहेब."

नोटीस निघाली. तीन महिन्यांत भिंत फोडून पाइप बदलायचा. घरमालकांनी मुदत वाढवून घेतली, मग आणखी वाढवून घेतली. चिमणीच्या छातीला एवढा धीर नव्हता. यजमानांनी गावाबाहेर छोटे पण कोरडे घर शोधले. मला सोबत नेता आले नाही, कारण बुरशी माझ्या हाडांत शिरली होती. सगळे बाहेर गेल्यावर बाई एकट्या परत आल्या. माझ्या दारावरून हात फिरवला, कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि दाराच्या आतून काहीतरी लिहून गेल्या. मला फार वाईट वाटले, पण राग आला नाही.

घरमालकांनी पुन्हा रंग दिला. रंगाऱ्याला म्हणाले, "कपाट परत त्या भिंतीलाच लाव."

काल घरमालकांबरोबर एक जोडपे खोली बघायला आले. बायकोच्या कडेवर बाळ होते. तिने सहज माझे दार उघडले आणि आतले वाचून थांबली.

"अहो, इकडे या जरा. हे कपाट सरकवायचंय."

"बघू नंतर," घरमालक म्हणाले.

"नंतर नाही. आत्ता," ती म्हणाली, आणि बाळ नवऱ्याकडे देऊन तिने मला खांदा लावला.

मित्रांनो, मी थकले आहे, माझ्याकडून आता काही काम होणार नाही. एवढे करा. ओल दिसली तर तिच्यापुढे माझ्यासारख्या कुणाला उभे करू नका. आणि नव्या घरात पाऊल टाकाल तेव्हा बाईंनी खडूने लिहिलेले तेवढे लक्षात ठेवा: "ताई, आधी मागची भिंत बघा. मूल असेल तर राहू नका."