डावी बाजू

"परत आपटलीस?" चष्मेवाल्यानं काउंटरमागून मान वर न करताच विचारलं.

ठमी दाराच्या चौकटीवर खांदा आपटून तिथंच उभी होती. दप्तर घसरून कोपरापर्यंत आलं होतं. "दारच मधे आलं," ती म्हणाली.

"दार कशाला मधे येतंय? ते आपलं इतकी वर्षं तिथंच उभं आहे. बाईसाहेबांचं लक्ष कुठं असतं?"

फ्रेम निवडत बसलेलं गिऱ्हाईक हसलं, चष्मेवालाही हसला. मागच्या बाजूला काचा घासायच्या मशीनवर बसलेली ठमीची आई मात्र हसली नाही. तिनं मशीन बंद केलं आणि पदराला हात पुसत बाहेर आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत तिनं कसंबसं तोंड मिटून धरलं.

"अहो, पुन्हा डावाच खांदा," ती म्हणाली. "काल पेला सांडला तोही डावीकडचा. वहीत बघा, अर्ध्या पानापासून लिहायला लागलीय. आणि सकाळी उठली की डोकं धरून बसते. दोन महिने झाले मी सांगतेय, एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून आणू या ना."

"डोकं शाळेच्या वेळेलाच बरं दुखतं!" चष्मेवाला म्हणाला. "आणि दवाखान्यात काय करणार? तक्ता वाचायला लावणार. तो तर आपल्या भिंतीवरच आहे. ये गं ठमाबाई, दाखव तुझ्या आईला."

माणूस वाईट नव्हता हो. गल्लीत कुणाच्याही चष्म्याची दांडी मोडली तर हातातलं काम टाकून तो आधी ती बसवून द्यायचा. पण पोरीचा विषय निघाला की त्याला भलताच चेव यायचा. ठमी याच दुकानात रांगली, इथंच उभी राहिली. धड बोलता येत नव्हतं तेव्हापासून ती भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बडबडगीतासारखा म्हणायची. तिला काउंटरवर बसवून गिऱ्हाइकांना ऐकवणं हा चष्मेवाल्याचा आवडता उद्योग होता. लोक कौतुक करायचे आणि ह्याची छाती फुगायची.

आताही ठमी खुर्चीवर चढून बसली. एक डोळा झाकून तिनं वरपासून अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत सगळा तक्ता धडाधड म्हणून दाखवला. मग दुसरा डोळा. एक अक्षर चुकलं नाही.

"बघितलंस?" चष्मेवाला बायकोला म्हणाला. "माझ्याच पोरीचे डोळे मला कळायचे नाहीत, तर दुकानाला कुलूप लावलेलं बरं."

बायको आत गेली आणि मशीन सुरू केलं. पण त्या दिवशी तिनं घासलेली काच फ्रेममध्ये बसेना, दुसरी घ्यावी लागली. असं तिच्या हातून कधी व्हायचं नाही.

पुढच्या आठवड्यात माल घेऊन येणाऱ्या एजंटनं नवा तक्ता आणला. जुना पिवळा पडला होता, कोपरे फाटले होते. चष्मेवाल्यानं तो उतरवला, नवा ठोकला आणि लांब उभं राहून बघितला. मोठी ठसठशीत अक्षरं होती. तेवढ्यात ठमी शाळेतून आली.

"ये, ये. उद्घाटन तुझ्या हस्ते!" तो म्हणाला.

ठमी बसली, डोळा झाकला आणि वाचायला लागली. पहिल्या ओळीत चार अक्षरं होती. तिनं शेवटची दोनच वाचली. दुसऱ्या ओळीतली शेवटची तीन. तिसरीतलीही अर्धीच.

"अगं, सुरुवातीपासून वाच की."

"सुरुवातीपासूनच वाचतेय."

"चेष्टा पुरे हं ठमे. अर्धी अक्षरं कुणी खाल्ली?"

"आहेत तेवढीच वाचली ना बाबा!" ती वैतागून म्हणाली.

ती चेष्टा करत नव्हती. चेष्टा करतानाचा तिचा चेहरा त्याच्या चांगला ओळखीचा होता. तिला दुसरा डोळा झाकायला सांगताना त्याचा आवाज बदलला. दुसऱ्या डोळ्यानंही तेच. डावीकडची अक्षरं तिच्यापुरती तिथं नव्हतीच.

ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला, ते वस्ताद एकदा बोलले होते. एक डोळा कमी दिसत असेल तर काच बदलून बघ. पण दोन्ही डोळ्यांची एकच बाजू गेलेली दिसली तर काचेला हात लावू नकोस, माणसाला थेट मोठ्या दवाखान्यात धाड. ते दुखणं डोळ्याचं नसतं, डोळ्याच्या मागचं असतं. असं गिऱ्हाईक त्याला इतक्या वर्षांत कधी भेटलं नव्हतं.

तो ठमीसमोर गुडघ्यांवर बसला. "माझ्या नाकाकडं बघत राहा. बोट हललेलं दिसलं की सांग." उजवीकडून बोट आणलं तर ती लगेच म्हणाली, "दिसलं." डावीकडून बोट हलवत हलवत तो पुढं आणत राहिला. बोट त्याच्या नाकासमोर पोचलं तेव्हा ती म्हणाली, "दिसलं! जादू केलीत काय?"

तो उठला. जुन्या तक्त्यावरची न दिसणारी अक्षरं पोरगी पाठ होती म्हणून म्हणत होती. पाठ कुणी करून घेतली? त्यानंच. मिरवली कुणी? त्यानंच.

"अगं ए," त्यानं आत हाक मारली. "मशीन बंद कर. दवाखान्यात जायचंय."

बायको बाहेर आली. तिनं एकदा नव्याकोऱ्या तक्त्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडं. ती त्याला चार शब्द सुनावेल असं त्याला वाटलं, आणि सुनावले असते तर बरंच वाटलं असतं. तिनं फक्त ठमीच्या पायांत चपला घातल्या.

तपासण्या झाल्या. डोक्याचा फोटो काढणाऱ्या मोठ्या यंत्रातून ठमी बाहेर आली तेव्हा आतल्या आवाजाची नक्कल करून आईला हसवत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला नर्सबरोबर बाहेर पाठवलं आणि दोघांना बसायला सांगितलं.

"डोळे उत्तम आहेत तिचे," त्या म्हणाल्या. "पण डोळे जे पाठवतात ते समजून घ्यायची जागा मेंदूत असते. तिथं उजवीकडं गाठ आहे, म्हणून डावीकडचं तिला दिसत नाही. गाठ लवकर काढायला हवी. मोठं ऑपरेशन आहे, पण ती त्यातून बरी उठेल अशी मला आशा आहे."

"आणि दिसणं?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"काहींचं परत येतं, काहींचं नाही. शुद्धीवर आल्यावर कळायला लागेल. किती दिवसांपासून आहे हे?"

आता खोटं कुठं बोलणार? "हिनं मला दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही." मग धीर करून विचारलं, "तेव्हाच आणलं असतं तर फरक पडला असता का हो?"

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी दोघं बाकावर बसून राहिली. आतलं दार उघडलं की दोघं उभी राहायची, दुसऱ्याच कुणाला हाक आली की खाली बसायची. चष्मेवाल्यानं स्वतःचा चष्मा पुसून पुसून काच ढिली केली. शेवटी बायकोनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. दुपार टळल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठ पूर्ण निघाली होती. पोर धोक्याबाहेर होती. बायको तोंडात पदर कोंबून रडली. तोही रडला, चारचौघांत, अगदी हुंदके देऊन.

ठमीला बघायला आत सोडलं तेव्हा ती झोपेत होती. डोक्याला जाड बँडेज होतं, मान हलू नये म्हणून दोन्हीकडं उशा लावल्या होत्या. आई उजव्या बाजूला बसली. तिच्याशेजारी जागा होती, तरी चष्मेवाल्यानं स्टूल उचललं आणि डावीकडं नेऊन ठेवलं. बायकोनं काय ते ओळखलं. तिची बोटं पलंगाच्या दांडीवर घट्ट आवळली गेली. तो अगदी जवळ बसला होता, ठमीच्या गालाला हात लावता आला असता इतक्या जवळ. त्यानं हात लावला नाही, की आवाज केला नाही. देवा, एवढं एक कर, असं मनातल्या मनात म्हणत तो तिच्या पापण्यांकडं बघत राहिला.

बऱ्याच वेळानं पापण्या हलल्या. ठमीनं डोळे उघडले. छताकडं बघितलं, मग आईकडं.

"आई."

"काय गं माझ्या राजा? दुखतंय का?"

"थोडं." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाली, "बाबा नाही आले?"

आईनं पलंगापलीकडं नवऱ्याकडं बघितलं.

चष्मेवाला उठला. पायांचा आवाज होऊ न देता, स्टूल हातात धरून तो पलंगाला वळसा घालून दारापर्यंत गेला. तिथं थांबून त्यानं तोंडावरून हात फिरवला, आणि दार जरा मोठ्यानं वाजवलं.

"आलो गं ठमाबाई, आलो!" तो म्हणाला. "हा काय, आत्ताच पोचतोय."

आणि त्यानं स्टूल तिच्या उजवीकडं मांडलं.