चिंचेने घासलेली हत्यारं

मी एक चित्र आहे, देव नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण परळच्या ज्या खोलीत मी टांगलेलो असतो, तिथे ते कुणाला पटत नाही.

मला रघुवीरने काढलं. त्याचे वडील धोंडू लालबागच्या एका वर्कशॉपात फिटर. त्यांची हत्यारं त्याने वर्तमानपत्रावर मांडली: पाना, हातोडी, कानस, पकड, तेलाची बुधली. अकरा रविवार तो तेलरंग घेऊन त्यांच्यासमोर बसला. वस्तू समोर नसेल तर त्याला रेघही ओढता येत नाही, असा त्याचा स्वभाव. मी पुरा झालो तेव्हा धोंडू जवळ येऊन म्हणाले, "कानशीचे झिजलेले दात पण दाखवलेस रे मेल्या!" आणि बुधलीवर बोट फिरवून ते बोट लेंग्याला पुसलं. एवढी दाद मला पुन्हा मिळाली नाही.

पुढच्याच वर्षी धोंडू गेले. हत्यारांची पिशवी दिसली की त्यांच्या बायकोला, जाईबाईंना रडू फुटायचं, म्हणून त्यांनीच ती भंगारवाल्याला देऊन टाकली. मग खंडेनवमी आली. या घरात त्या दिवशी हत्यारं पुजायची रीत. पाट मांडला, रांगोळी काढली आणि जाईबाईंच्या लक्षात आलं, पाटावर ठेवायला काहीच नाही.

त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं.

तेव्हापासून सात वर्षं मी पुजला जातोय. हत्यारं पुजायच्या आधी स्वच्छ करतात, तसं जाईबाई मला चिंचेच्या कोळाने घासतात. मग हळदकुंकू. पुढल्या वर्षी ते कुंकू निघेना, म्हणून जास्त चिंच. माणसं प्रेमाने जेवढं घासतात, तेवढं रागाने घासत नाहीत. पकड तिसऱ्या वर्षी गेली. पाना गेल्या वर्षी. त्या जागी आता नुसतं कापड आहे.

रघुवीर सगळं बघतो. आईला कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने ब्रश सोडलाय. मला पुन्हा रंगवायचं तर समोर काय मांडणार?

आज सकाळी मी पुन्हा पाटावर आलो. या खेपेस घरात नवी सून आहे, मेघना. चार महिन्यांत ती चार वाक्यं बोलली असेल. आज पाचवं बोलली.

"आई, याला काच लावून घेऊया का?"

"काच लावलंस तर त्यांका कुंकू लागतला कसा गो?"

जाईबाईंनी हातोडी घासायला घेतली. मोतीबिंदूमुळे त्यांना माझं काय उरलंय ते दिसत नाही. दांड्याचा तपकिरी रंग फडक्यावर उतरला.

"आई, रंग सुटतोय."

"गंज तो. लोखंडाक गंज येताच."

मग त्यांनी कुंकवाचं बोट बरोबर पान्याच्या जागी, कोऱ्या कापडावर टेकवलं. तसूभरही चूक नाही.

"पानो बरो दिसता ना रे, रघू?"

"दिसता, आय," रघुवीर जमिनीकडे बघत म्हणाला.

आता जाईबाई बुधलीकडे वळल्या आहेत. जिथे धोंडूंचं बोट फिरलं होतं, तिथे.

मेघना, तू नवी आहेस, तुझं कोण ऐकणार, कळतं मला. पण तो गंज नाही गं. त्यांचा हात धर. तेही जमत नसेल, तर निदान ते फडकं धुवायला टाकू नकोस. माझी हातोडी आता त्यातच आहे.