साडेचारशेवर पळवलेला कम्प्युटर

आमच्या भावजीला अक्कल लई, पण ती माळ्यावर ठेवलेली. काढायची म्हणलं की शिडी लागती. पंडित त्याचं नाव, माझा धाकटा दीर. बीडला कम्प्युटरचा कोर्स करून आला आन दिवाळीला सुटे पार्ट आणून त्यानं घरातच एक कम्प्युटर जोडला. आख्ख्या गेवराईत एवढा पळणारा न्हाई म्हणायचा. मी म्हणायचे, आसंल बाबा. मला त्या डब्याचं एकच कवतिक होतं. त्याच्यामुळं माझा नवरा पुन्हा बोलायला लागलता.

आमचे हे, उत्तरेश्वर, गेवराई ते बीड काळी-पिवळी जीप चालवायचे. दहा वर्सं गाडीला ओरखडा न्हाई. आन श्रावणात एका वळणावर जीप पलटी झाली. देवाची दया, मेलं कुणी न्हाई. पण जीपमधल्या, आमच्याच गावच्या दगडाबाईचा पाय मोडला, दोघा-तिघांची डोकी फुटली. जीप दुरुस्त होऊन दारात उभी राहिली, ह्यांनी मात्र तिला हात लावला न्हाई. "माझ्या हातालाच काहीतरी झालंय," एवढंच म्हणायचे आन बाजंवर पडून राहायचे. जेवा म्हणलं की जेवायचे, झोपा म्हणलं की झोपायचे. भांडायचे बी न्हाईत हो! नवरा भांडत न्हाई म्हणल्यावर बाईनं कुणाच्या जिवावर दिवस काढावा?

पंडित त्या कम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचा. एकदा हे पाठीमागं येऊन उभे राहिले. बघता बघता तोंडातून निघालंच, "गिअर कमी कर की बे, वळण आलं!" पंडितनं गुमान उठून खुर्ची दिली. मग काय, रोज दुपारी जेवण झालं की मालक खुर्चीवर. चहा मागायला लागले. कालवणात मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर खेकसले, तवा मी चुलीपाशी पदर तोंडाला लावून रडले. इतका आनंद मला लग्नात बी झाला नव्हता. शिवरातीला आपण होऊन म्हणले, "पाडव्याला जीप काढतो." मी लगोलग नारायणगडाला नारळाचा नवस बोलले.

आन ऊन तापायला लागलं, तसा त्या कम्प्युटरला काय रोग झाला कुणास ठाऊक.

तिसऱ्या शर्यतीत घाट यायचा. घाटाच्या वळणावर गाडी वळता वळता गोठायची. आवाज एकाच सुरात गुरगुरत राहायचा, मग पडदा निळा पडून त्याच्यावर इंग्रजी अक्षरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घाटात. तिसऱ्या दिवशी तेच झालं, तसं ह्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आन त्यांच्याकडं बघत बसले. "बघितलंस? वळण आलं की माझा हात घात करतो."

"आहो, मशीन हाय ते! बंद पडलं!" मी म्हणलं.

"कावून तिथंच बंद पडतंय?"

हे उठले, बाजंवर जाऊन पडले. दिवे लागायच्या वक्ताला पंडितला म्हणले, "जीपला गिऱ्हाईक बघ."

जीप काय, लोखंड हाय, गेली तर गेली. पण ती गेली की हे बाजंवरून कायमचे उठणार न्हाईत, हे मला तिथल्या तिथं कळलं. मी भावजीला माजघरात गाठलं. "गिऱ्हाईक बिराईक काय बघायचं न्हाई. आधी त्या डब्याचा रोग बघा. पाडव्याच्या आत तो नीट चालला पायजे, न्हाईतर तुमची भाकर बंद."

भाकर बंद म्हणल्यावर पंडित कामाला लागला. आधी म्हणला, "वैनी, व्होल्टेजचा घोळ हाय." कुणाचा तरी स्टॅबिलायझर मागून आणला. घाटात बंद. मग आतली रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासली. पुन्हा घाटात बंद. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. जैसे थे. हे सगळं तो स्वतः खेळून बघायचा, म्हणून मी ह्यांना म्हणलं, "बघा, भावजीच्या हातनं बी बंद पडतंय की!" तर हे भिंतीकडं तोंड करून म्हणले, "माझ्या हाताचा गुण लागला त्याला." आता ह्या माणसापुढं डोकं फोडावं का काय करावं!

शेवटी पंडितनं डब्याचं झाकण काढलं आन घरातला एकुलता एक टेबल फॅन त्याच्यापुढं लावला. आमी घामानं थबथबलेलो आन ते धूड वारा खातंय! पण त्या दिवशी घाट पार झाला. पुढं गेल्यावर बंद पडला, पण घाट पार झाला. मी टाळी वाजवली. भावजीचं तोंड मात्र उतरलं.

"काय झालं वो? चांगलं झालं न्हवं?"

"तापतोय वैनी," तो हळूच म्हणला.

"मग तापू नये म्हणून काय करायचं?"

भावजी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. "प्रोसेसर, म्हंजे त्याचं इंजिन, तीनशे मेगाहर्ट्झ वेगाचा हाय. मी त्याला साडेचारशेवर पळवतोय. सेटिंग बदललं की पळतोय तसा. किंमत तीनशेची, काम साडेचारशेचं. बीडला आमी सगळेच करतो."

"आन हे ठाऊक असून तुमी खोडरबरानं घासत बसलात?"

"दिवाळीपसून नीट चालला की! आता खाली आणला तर मी गावात काय सांगू? साडेचारशेचा म्हणून सांगितलंय सगळ्यांना."

"येडा झाला म्हणून सांगा! तिकडं भाऊ भिंतीकडं तोंड करून पडलाय आन तुमाला गावाची पडलीय?" मी एवढ्या जोरात बोलले की शेजारची कोंबडी उडाली. भावजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बी वाईट वाटलं, पण मी तोंड फिरवलं.

त्यानं मुकाट सेटिंग तीनशेवर आणलं. फॅन काढून झाकण लावलं. "दादा, बसा आता," म्हणला. दादा हलले न्हाईत. मग मी म्हणलं, थांबा, मीच बसते. जन्मात मी कम्प्युटरला बोट लावलं नव्हतं. भावजीनं बटणं दाखवली, ही डावीकडं, ही उजवीकडं. मी जी गाडी सोडली ती भिंतीवर. तिथनं झाडावर. तिथनं एका टरकावर. पंडित हसून हसून खाली बसला.

बाजंवरून आवाज आला, "ब्रेक दाब की!"

"कुठं हाय ब्रेक?"

"आगं, उलटी चाललीयस तू! सरक, सरक तिकडं!"

आन आले की वो उठून! मला खुर्चीवरून जवळजवळ ढकललंच. पहिली शर्यत झाली, दुसरी झाली. तिसरीत घाट आला, तसा मी पंडितचा दंड धरला. गाडी जरा अडखळत, आधीपेक्षा सुस्त, पण वळली. वळली आन पुढं गेली. हे बराच वेळ खेळत राहिले. मग हात काढून म्हणले, "आता कावून न्हाई पडला बंद?"

पंडितनं सगळं सांगितलं. "पहिल्यापसून खेळलं की घाट येईपतूर तो तापायचा, म्हणून तिथंच बंद पडायचा. तुमच्या हाताचा काय संबंध न्हाई दादा. मीच त्याच्यावर जास्तीचा बोजा टाकला होता."

"मग इतके दिवस कसा चालला?"

"थंडी होती. चालत होता, म्हणून मी चालवला."

मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण ह्यांचं तोंड भलतंच दिसायला लागलं. "जीप नऊ माणसांची हाय," हे म्हणले. "त्या दिवशी बावीस होते. टपावर, मागं लटकलेले. मी अर्धा दाराबाहेर बसून स्टिअरिंग धरलंतं. रोजच बसवायचो. चालत होतं, म्हणून चालवलं." आन हमसून हमसून रडायला लागले. "दगडाबाईचा पाय मी मोडला, कौशल्या. हातानं न्हाई, हावेनं मोडला."

मी त्यांना तसंच रडू दिलं. न्हाई तुमची चूक, असं म्हणायचं तोंडावर आलतं, पण ते खोटं झालं असतं. मग मी म्हणलं, "हाताला गिऱ्हाण लागलं असतं तर कुठं दुरुस्त केलं असतं आपण? बोजा तर कमी करता येतोय न्हवं?" त्यांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे जीप धूत होते.

पाडव्याला जीप स्टँडवर लागली. मी नवी साडी नेसून, नारळ घेऊन पुढच्या सीटवर. बीडला उतरून नारायणगडाला जायचं होतं. माणसं भराभर चढली. हे खाली उतरून एकेक डोकं मोजायला लागले. दहा भरली. "एकानं उतरा," म्हणले.

कोण उतरतंय? एक फेटेवाला म्हणला, "उत्तरेश्वरा, बावीस नेत होतास की! आज दहा जड झाले व्हय?" सगळे हसले. ह्यांनी चावी काढून खिशात घातली. प्रत्येकजण म्हणायला लागला, मी आधी बसलो, मी आधी बसलो. मला ह्यांची लई दया आली. आता हे घाबरतेल, जाऊ द्या म्हणतेल, असं वाटलं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "कौशल्या, तू उतर."

"मी? आहो, नवस माझा हाय!"

"देव कुठं पळून चाललाय का? मागच्या गाडीनं ये. उतर म्हणतो ना!"

असे खेकसले की आख्खी जीप गप झाली. मी नारळासकट खाली उतरले. तोंडानं शिव्या देत होते आन डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जीप निघाली. टपावर कुणी न्हाई, मागं कुणी लटकलेलं न्हाई, आन माझा नवरा आख्खा सीटवर बसलेला. धूळ खाली बसंस्तवर मी बघत राहिले.

शेजारी एक म्हातारी उभी होती. तिला माझी कीव आली. "बाई, सणाच्या दिवशी नवऱ्यानं उतरवलं का गं तुला?"

"हो तर," मी म्हणलं, "माझ्याच नवऱ्यानं उतरवलं!"