भिकाजीनं बांधलेली पेटी

महिपत गुरुजी पोलादपूरच्या हायस्कुलात शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. बाजारामागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि जमेल तशा गाण्या-वाजवण्याच्या तबकड्या आणायचे. महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला भिकाजी हा त्यांचा एकुलता एक मित्र, शाळेपासूनचा. चौऱ्याहत्तर साली दोघांनी काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरीच बांधायला घेतला.

गुरुजींचं म्हणणं, सगळं एकाच पेटीत बसवावं. दोन-दोन वस्तू कुठं सांभाळायच्या?

"नाय रे," भिकाजी म्हणाला. "सुईकडून येणारा आवाज इवलासा असतो. तो आधी प्रीअ‍ॅम्पमध्ये जरा मोठा करून घ्यायचा. स्पीकर हलवायचं काम मोठ्या पेटीचं. दोन्ही एकत्र कोंबलंस तर ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आत शिरते. मग सनईमागं भुंगा ऐकत बस."

शेवटी भिकाजीचंच चाललं. जड पेटी गुरुजींच्या टेबलावर बसली आणि प्रीअ‍ॅम्पची छोटी पेटी जरा लांब, फडताळात. दर रविवारी भिकाजी एसटीनं यायचा. जेवण व्हायचं, व्हॉल्व्ह तापायचे, आणि मग दुपार उतरेपर्यंत दोघं फारसं न बोलता ऐकत बसायचे. पाच-सहा वर्षं असंच चाललं.

एका रविवारी छोट्या पेटीतून चरचर येऊ लागली.

"व्हॉल्व्ह गेला वाटतं," भिकाजी म्हणाला. "घरी नेतो. पुढच्या रविवारी आणतो." पंच्यात गुंडाळून त्यानं ती नेली.

पुढच्या रविवारी त्याच्या मुलीला ताप होता. त्यानंतर ड्युटी लागली. मग निरोप येणंही थांबलं. दिवाळी गेली, शिमगा झाला. भांडण काही झालं नव्हतं. गुरुजी कधी कधी संध्याकाळी मोठी पेटी नुसतीच चालू करत. व्हॉल्व्ह लालसर उजळायचे, स्पीकर गप्प. दुसरा प्रीअ‍ॅम्प मुंबईहून मागवता आला असता. त्यांनी मागवला नाही. तो आला असता तर भिकाजीला यायला निमित्तच उरलं नसतं.

मे महिन्याच्या सुट्टीत ते स्वतःच महाडला गेले. दार भिकाजीच्या बायकोनं, ललितानं उघडलं. आत मोठ्यानं गाणं चालू होतं. तिच्या भावानं दुबईहून टेपरेकॉर्डर आणला होता. भिकाजीला खरोखर आनंद झाला. त्यानं आग्रह करून जेवू घातलं. मग म्हणाला, "अरे, तुझी पेटी राहिलीच की."

कपाटावरून त्यानं ती खाली काढली, धूळ पुसली. "व्हॉल्व्ह तेव्हाच बदलला होता. यायला जमलंच नाय बघ."

"घाई नाही मला," गुरुजी म्हणाले. "रविवारी ये घेऊन."

"आता कुठला रविवार, महिपत? घराचं काम काढलंय. तूच ने. स्टँडपर्यंत सोडतो तुला."

स्टँडवर दोघं गाडीची वाट पाहत उभे राहिले. घराच्या वाळूविषयी बोलून झालं.

"गुणगुण आली तर कळव," भिकाजी म्हणाला.

"आली तर येशील?"

"पत्र टाक. काय करायचं ते लिहून पाठवतो."

घरी पोचल्यावर गुरुजींनी पेटी फडताळात ठेवली, वायर जोडली आणि सनईची तबकडी लावली. आवाज स्वच्छ होता. त्यांनी स्पीकरला कान लावला. दोन सुरांमधल्या जागेतही काही ऐकू येईना. मोठी पेटी बंद करून पुन्हा लावली, वायर हलवून पाहिली. भिकाजीनं काम चोख केलं होतं. कळवण्यासारखं काहीच नव्हतं.

शेजारच्या बयाबाई दारात आल्या. "गुरुजी, पाव्हणं आलं काय? च्याला दूध देऊ?"

"नाही, बयाबाई. कोणी नाही आलं."

"वाजाप ऐकलं, म्हटलं आलं असतील."

"बसा ना थोडं. चांगली आहे तबकडी."

"नाय वो, भात टाकलाय चुलीवर," म्हणत त्या गेल्या.

बाहेर तिन्हीसांज होत होती. गुरुजींनी आवाज थोडा कमी केला आणि खुर्ची स्पीकरजवळ ओढून घेतली.